एका थेंबातली तीन भावंडं

पल्स पोलिओच्या रविवारी अंगणवाडीच्या ओट्यावर टेबल मांडलेलं असायचं. टेबलावर बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा आणि डब्यात लसीच्या इवल्याशा बाटल्या. ताई बाटली बाहेर काढायच्या आणि आधी लेबलवरची खूण बघायच्या. एक जांभळट गोल आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. बाटलीला उष्णता लागत गेली की हा चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला जाऊन मिळाला की बाटली बाद. चौकोन फिकट दिसला की बाळाचे गाल हलकेच दाबून तोंडात दोन थेंब, आणि डाव्या करंगळीवर मार्करची काळी खूण. १९९५ नंतर ज्यांच्या घरात पाळणा हलला, त्यांना हे सांगायला नको.

त्या थेंबांत एक नव्हे, तीन लसी होत्या. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही, म्हणून तिन्ही प्रकारांचे दुबळे केलेले जिवंत विषाणू एकाच बाटलीत घातलेले असत. सोय मोठी होती. एका घोटात तिन्हींचा बंदोबस्त. पण ही तीन भावंडं एका ताटात जेवायला बसली की त्यातलं एक बाकीच्या दोघांच्या पुढ्यातलं ओढून खायचं. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या कितीतरी मुलांच्या पायांनी याची किंमत मोजली. एक लस दुसऱ्या लसीचं काम कसं अडवते आणि कधी कसं सावरते, हे आपल्या देशाने फार महागात शिकून घेतलं आहे. तो इतिहास सांगायला हवा.

जोनास साल्क यांची टोचून घ्यायची लस १९५५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जाहीर झाली. तिच्यात विषाणू मारलेले होते. आल्बर्ट सेबिन यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी विषाणू जिवंत ठेवला, पण प्रयोगशाळेत वाढवत वाढवत त्याचा जहरीपणा काढून घेतला. असा विषाणू तोंडावाटे दिला की तो आतड्यात रुजतो, वाढतो आणि खऱ्या विषाणूची वाट तिथेच बंद करतो. मात्र त्यासाठी तो आतड्यात रुजायला हवा. नाही रुजला, तर थेंब पोटात जाऊनही डोस फुकट.

तिघांमध्ये दुसऱ्या प्रकाराचा विषाणू सगळ्यात जोमदार. तो आतड्यातल्या पेशी आधी धरतो आणि झपाट्याने वाढतो. विषाणू शिरला हे कळताच शरीर आपला पहिला बचाव उभा करतं, आणि त्या बचावाला आपला-परका कळत नाही. मागून रुजू पाहणाऱ्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारालाही तो अडवतो. बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात याच जातीचा एक नियम आहे. गोवर आणि कांजिण्या यांसारख्या टोचायच्या जिवंत लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. अधलंमधलं अंतर ठेवलं तर पहिल्या लसीने जागा केलेला बचाव दुसरीला नीट बसू देत नाही.

सेबिन यांना ही अडचण ठाऊक होती. अमेरिकेत १९६१-६२ मध्ये त्यांची लस मंजूर झाली ती तीन स्वतंत्र लसी म्हणून, आणि त्या काही आठवड्यांच्या अंतराने एकेक करून साखरेच्या खड्यावर दिल्या गेल्या. पण प्रत्येक मुलाला तीनतीनदा बोलवायचं तर यंत्रणेची दमछाक होते. म्हणून तिन्ही एकत्र करण्याची खटपट सुरू झाली. कॅनडात प्रमाण बसवून पाहिलं गेलं, दहाला एकाला तीन. पहिल्या प्रकाराचे दहा भाग, दुसऱ्याचा एक आणि तिसऱ्याचे तीन. दांडग्याला एक घास आणि अशक्ताला दहा, असा तो हिशेब होता. १९६३ मध्ये ही एकत्रित लस आली आणि पुढची पन्नास वर्षं जगाने तीच वापरली. ब्राझीलमध्ये १९८६ साली साथ आल्यावर तिसऱ्याचा वाटा तीनवरून सहावर नेला गेला, एवढाच काय तो बदल.

थंड हवेच्या, स्वच्छ पाण्याच्या देशांत हे प्रमाण छान जमलं. तीन डोसांत जवळपास सगळी मुलं तिन्ही प्रकारांपासून सुरक्षित झाली. तोच हिशेब आपल्याकडेही चालेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. टी. जेकब जॉन यांनी ते गृहीत धरलं नाही. लस घेतलेल्या मुलांचं रक्त त्यांनी तपासलं, तेव्हा बऱ्याच मुलांमध्ये प्रतिपिंडं तयारच झाली नव्हती. १९७२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या वेळचं ठरलेलं स्पष्टीकरण असं होतं, की उष्ण प्रदेशातल्या मुलांच्या आतड्यात आधीपासून इतर विषाणू मुक्काम ठोकून असतात आणि तेच लसीला जागा देत नाहीत. जॉन यांनी तेही तपासलं, आणि वेल्लोरच्या मुलांमध्ये तसं आढळलं नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. अडथळा बाहेरचा नसेल, तर तो बाटलीतच असेल का? तीन विषाणू एकत्र न देता एकच दिला तर?

दिला, आणि फरक स्पष्ट दिसला. एका प्रकाराची लस एकटी दिली की तिचा प्रत्येक डोस एकत्रित लसीच्या डोसापेक्षा कितीतरी अधिक मुलांमध्ये रुजत होता. हा निष्कर्ष १९७६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्याच बुलेटिनमध्ये छापून आला. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावं.

१९९१ मध्ये विकसनशील देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात जॉनही होते. तीन डोसांनंतर दुसऱ्या प्रकाराविरुद्ध सरासरी ९० टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली होती. पहिल्या प्रकाराविरुद्ध ती ७३ टक्के आणि तिसऱ्याविरुद्ध ७० टक्के मुलांमध्येच होती. थोरल्या-धाकट्याची उपासमार आकड्यांत दिसत होती, आणि पांगळेपणा आणण्यात पहिला प्रकारच सगळ्यात पुढे होता.

एव्हाना पोलिओ जगातून हद्दपार करायचा ठराव १९८८ साली झालेला होता. ठरावीक दिवशी गावातल्या सगळ्या लहानग्यांना एकदम डोस द्यायचे, ही 'पल्स'ची रीत जॉन यांनी वेल्लोरमध्ये आधीच राबवून दाखवली होती. दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी तिथले तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी ती राज्यभर नेली आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस झाला. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत पोलिओ झपाट्याने उतरला. दुसऱ्या प्रकाराचा रानटी, म्हणजे लसीतला नसलेला, विषाणू तर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये अलीगढला शेवटचा दिसला आणि पृथ्वीवरून नाहीसा झाला.

मागे राहिला तो गंगेच्या खोऱ्यातला पट्टा. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, बिहारमधला कोसीचा परिसर. दाट वस्ती, उघडी गटारं, मुलांना सतत जुलाब. २००२ साली देशात १,६०० मुलं पोलिओने पांगळी झाली, त्यातली १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशातली. कार्यकर्ते घरोघर जाऊन आले होते, दारांवर खडूने खुणा केल्या होत्या, स्टेशनांवर आणि बसस्थानकांवर पथकं उभी होती. तरीही सहा-सात डोस घेतलेली मुलं लुळी पडत होती.

मोहिमेला विरोध करणाऱ्यांबद्दल तेव्हा बरंच लिहिलं गेलं. थेंबांनी मूल होत नाही, असल्या अफवा खऱ्याच पसरल्या होत्या आणि त्यांनी नुकसानही केलं. पण त्या वस्त्यांमधल्या आयांचा आणखी एक प्रश्न होता आणि तो अफवा नव्हता. एवढ्या वेळा पाजलंत, तरी शेजारचं पोर लंगडं का झालं? त्या प्रश्नाला दारावर आलेल्या कार्यकर्तीकडे उत्तर नव्हतं, कारण तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आकड्यांत उत्तर आलं ते २००६ मध्ये. निकोलस ग्रासली आणि सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून हिशेब मांडला. पहिल्या प्रकाराविरुद्ध एकत्रित लसीच्या एका डोसाने उत्तर प्रदेशात शंभरातल्या सुमारे ९ मुलांनाच संरक्षण मिळत होतं. देशाच्या बहुतांश उरलेल्या भागात हा आकडा २१ होता. ९ म्हणजे काय, ते कागदावर मांडून पाहा. शंभर मुलांपैकी पहिल्या डोसानंतर ९१ मोकळी राहिली. दुसऱ्यानंतर ८३. असं करत करत दहा डोस पाजले तरी ३९ मुलं मोकळीच. दहा वेळा दार वाजलं, दहा वेळा बाळाने तोंड उघडलं, दहा वेळा करंगळीला शाई लागली, आणि तरी पाचातली दोन मुलं विषाणूसमोर निःशस्त्र. आयांची शंका रास्त होती.

कारण एकच नव्हतं. जुलाब, कुपोषण, गर्दी या सगळ्यांचा त्यात हात होता. पण बाटलीतला झगडा हे त्यातलं असं कारण होतं, जे माणसाच्या हातात होतं. गटारं बांधायला पिढ्या लागतात, लसीची बाटली बदलायला नाही. भारतात ती बदलली एप्रिल २००५ मध्ये. फक्त पहिल्या प्रकाराची एकेरी लस उत्तर प्रदेश, बिहार आणि मुंबईसारख्या जोखमीच्या भागांत उतरवली गेली. पुढे मोजलं तेव्हा उत्तर प्रदेशात तिच्या एका डोसाचं संरक्षण ३० टक्के निघालं, एकत्रित लसीच्या जवळपास तिप्पट. तोच कागदावरचा हिशेब ३० धरून करा, दहा डोसांनंतर शंभरातली तीनच मुलं मोकळी उरतात.

१९७६ ते २००५. मधली एकोणतीस वर्षं गेली. त्यातही १९९९ नंतरची सहा वर्षं मला सगळ्यात जास्त खुपतात. दुसऱ्या प्रकाराचा रानटी विषाणू संपला होता. ज्याच्याशी लढायचं तो शत्रू मैदानात नव्हता, आणि तरी प्रत्येक फेरीत लसीतला दुसरा प्रकार पहिल्या-तिसऱ्याला बाजूला सारत होता. यंत्रणेची बाजूही सांगायला हवी. दुसरा प्रकार लसीतून काढला तर त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती ओसरेल, ही भीती खरी होती, आणि ती किती खरी होती ते पुढे दिसलं. पण काढून टाकणं आणि जोडीला एकेरी लस देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट कितीतरी आधी करता आली असती, असंच मला वाटतं.

एकेरी लसीचीही एक खोट निघाली. सगळं बळ पहिल्या प्रकारावर लागल्याने तिसऱ्याला रान मोकळं मिळालं, आणि २००७ पासून तिसऱ्या प्रकाराचे रुग्ण वाढले. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. आता दोघांना एकदम आवर घालायचा होता आणि मधल्या दांडग्याला बाहेर ठेवायचं होतं. पहिला आणि तिसरा अशी दुहेरी लस तयार झाली. २००८ मध्ये भारतातच नवजात बाळांवर तिची चाचणी घेण्यात आली. जेकब जॉन त्या संशोधकांत होते, आणि परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरचे डॉ. जगदीश देशपांडेही. दोन डोसांनंतर पहिल्या प्रकाराविरुद्ध दुहेरी लसीने ८६ टक्के बाळांमध्ये प्रतिपिंडं तयार केली. जुन्या एकत्रित लसीने ६३ टक्के. तिसऱ्याविरुद्ध ७४ आणि ५२. विषाणू तेच, बाळं त्याच वस्त्यांमधली. फक्त ताटावरून एक भावंड उठवलं होतं.

परळच्या या केंद्राबद्दल मराठी वाचकाला फारसं माहीत नसतं. हाफकिनच्या आवारातली ही प्रयोगशाळा. देशात कुठेही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेऊन, बर्फात बंद करून तपासणीला जायचे. विषाणू सापडला की त्याची जनुकीय ओळख परळमध्ये पटवली जायची. तो कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या विषाणूचा वंशज आहे, रानटी आहे की लसीतला, हे तिथे ठरायचं. २००१ पासून धारावीसारख्या वस्त्यांतलं सांडपाणीही इथे तपासलं जाऊ लागलं. एकही मूल आजारी नसताना उत्तरेकडून आलेला विषाणू मुंबईच्या नाल्यात सापडायचा आणि मोहिमेला आगाऊ इशारा मिळायचा. देशातल्या सांडपाण्यातला शेवटचा रानटी विषाणू मुंबईतच, नोव्हेंबर २०१० मध्ये हाती लागला.

दुहेरी लस जानेवारी २०१० मध्ये वापरात आली. आदल्या वर्षी ७४१ रुग्ण होते, त्या वर्षी ४२ राहिले आणि पुढच्या वर्षी एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात दीड वर्षाच्या एका मुलीचा पाय लुळा पडला. ती रानटी पोलिओची भारतातली शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

एका लसीने दुसरीला अडवल्याची ही गोष्ट झाली. सावरल्याची गोष्टही याच मातीत घडली. साल्क आणि सेबिन यांचे अनुयायी अर्धं शतक एकमेकांशी भांडत राहिले, टोचायची लस बरी की थेंब. टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडं उत्तम तयार करते, पण कोऱ्या आतड्यात विषाणूला फारसं अडवत नाही. थेंब आतड्यात पहारा बसवतात, पण तो पहारा काही महिन्यांनी सुस्तावतो. दोन्ही लसी एकाच मुलाला दिल्या तर? मुरादाबाद भागातल्या जवळपास हजार मुलांवर हे तपासलं गेलं, त्यात तान्ही बाळं होती तशी पाच आणि दहा वर्षांचीही होती. सगळ्यांनी आधी थेंब घेतलेले. काहींना मेलेल्या विषाणूची एक सुई दिली, काहींना आणखी थेंब, काहींना काहीच नाही. चार आठवड्यांनी सगळ्यांना थेंब पाजून शौचातून किती विषाणू बाहेर पडतो ते मोजलं. सुई घेतलेल्यांमध्ये विषाणू टाकणाऱ्यांचं प्रमाण वयोगटानुसार सुमारे ३९ ते ७६ टक्क्यांनी घटलं. आणखी थेंब देऊन एवढा फरक पडला नव्हता. २०१४ मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षी वेल्लोरमधून डॉ. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनीही तेच दाखवलं. थेंबांनी आतड्याला जे एकदा शिकवलं होतं, ते सुईने पुन्हा जागं केलं. कोऱ्या आतड्यावर जी लस तोकडी पडते, तीच दुसरीच्या पाठोपाठ आली की असा परिणाम करते.

३० नोव्हेंबर २०१५ पासून भारताने टोचायची लस नेहमीच्या वेळापत्रकात घेतली. २५ एप्रिल २०१६ रोजी तिहेरी थेंब देशातून मागे घेतले आणि त्यांच्या जागी दुहेरी आले. जगभर दीडशेहून अधिक देशांनी त्याच पंधरवड्यात हा बदल केला. जिथे लसीकरण नीट झालं नव्हतं, विशेषतः आफ्रिकेत, तिथे दुसऱ्या प्रकाराचा लसीतलाच विषाणू मुलांमधून फिरत फिरत पुन्हा जहरी झाला. त्याने तेव्हापासून तीन हजारांहून अधिक मुलं पांगळी केली आहेत. त्याच्यासाठी अधिक स्थिर अशी नवी लस तयार करावी लागली आणि तिला नोव्हेंबर २०२० मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. भारतात तसा उद्रेक झाला नाही. यात त्या सुईचाही वाटा असावा.

म्हणून ज्यांच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांनी आज लसीकरणाचं कार्ड काढून पाहावं. थेंबांच्या रकान्यांबरोबर टोचायच्या पोलिओ लसीचे तीन रकाने त्यात असतात. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात उजव्या दंडावर, आणि २०२३ पासून नवव्या महिन्यात डाव्या दंडावर. कातडीत दिली जाणारी अगदी छोटी मात्रा, एका मिलिलिटरचा दहावा भाग. 'थेंब दिलेत ना, मग सुई कशाला' असं घरातलं कुणी म्हणालं, तर त्यांना मुरादाबादच्या त्या हजार मुलांबद्दल सांगा. एखादा रकाना कोरा असेल, तर बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि ती सुई टोचून घ्या.